रुपयाचे सोळा आणे : गिरणगावातील तरुण संसार आणि काटकसरीचा इतिहास

१/
एका रुपयाचे सोळा आणे. त्यांतील नऊ आणे पोटात जातात, सव्वा आणा घरभाड्यात, सव्वा आणा सरपण आणि दिवाबत्तीत, दीड आणा कपड्यालत्त्यात. उरतात तीन आणे. आजारपण, गावची वारी, न्हावी, पानतंबाखू, लग्नकार्य आणि सावकाराचे व्याज, हे सारे त्या तीन आण्यांतून भागवायचे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणी कामगाराच्या घरातला रुपया असा फुटत असे. या थ्रेडमध्ये त्या सोळा आण्यांची गोष्ट आहे.

२/
हा हिशेब अंदाजाने मांडलेला नाही. १९२१ साली मुंबई सरकारने 'लेबर ऑफिस' नावाचे खाते स्थापन केले. त्याचे संचालक जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये मुंबईतील कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. २,४७३ कुटुंबांचे आकडे गोळा झाले आणि १९२३ साली अहवाल प्रसिद्ध झाला. शंभर रुपयांच्या खर्चात अन्नावर ५६.८, कपड्यांवर ९.६, भाड्यावर ७.७, इंधन व दिव्यावर ७.४ आणि किरकोळ बाबींवर १८.५ रुपये जात होते. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत बावन्न रुपयांच्या आसपास होती.

३/
ही कुटुंबे आली कुठून? मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढच्या काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, डिलाइल रोड, वरळी, दादर या पट्ट्यात चिमण्यांचे रान उभे राहिले. त्या चिमण्यांखाली काम करायला रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे आली. बहुतेकांची थोडीबहुत जमीन गावी होती, पण तिच्यावर वर्षाचे पोट भरत नव्हते. संसार दोन ठिकाणी विभागलेला होता आणि काटकसरही दोन्ही ठिकाणची होती.

४/
आधी घराचा विचार. पाहणीतील कुटुंबांपैकी सुमारे ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. तिथेच चूल, तिथेच मोरी, तिथेच अंथरूण आणि तिथेच बाळंतपण. भाड्याचा आकडा सव्वा आण्यावर राहिला तो घरे स्वस्त होती म्हणून नव्हे. माणसांनी आपली जागा आकसून घेतली म्हणून तो तेवढा राहिला. खोली मोठी घेणे म्हणजे पोटातले नऊ आणे कमी करणे, हे प्रत्येक घरधनिणीला ठाऊक होते.

५/
याचे ठळक उदाहरण बी.डी.डी. चाळींचे. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' काढले, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला आणि वरळी, डिलाइल रोड, नायगाव व शिवडी येथे २०७ इमारती उभारल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. तरीही १९२०च्या दशकात वरळीतील कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. भाडे कामगाराच्या हिशेबात बसत नव्हते आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून व बाजारापासून आडबाजूला होती. वाचवलेला आणा चालण्यात खर्च करणे कुणाला परवडणार?

६/
एकट्या पुरुषांनी या प्रश्नाचे उत्तर 'गाळ्या'त शोधले. एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, प्रत्येकाची ट्रंक भिंतीशी लावायची आणि पाळीप्रमाणे झोपायचे. एक कामावर गेला की त्याच्या अंथरुणाच्या जागी दुसरा आडवा होई. भाड्याचा वाटा दरडोई आण्यांवर येई. गावातून नवा मुलगा आला की त्याला नोकरी लागेपर्यंत गाळाच सांभाळून घेत असे. आज ज्याला सामाजिक सुरक्षा म्हणतात, ती त्या काळी गावकीच्या नात्यावर उभी होती.

७/
या पुरुषांना जेवू कोण घालीत होते? खानावळवाली. नव्याने मुंबईत बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबातील स्त्री आपल्या नवऱ्याच्या गाववाल्यांपैकी पाच-सात जणांचे जेवण अंगावर घेत असे. दोन वेळच्या भाकरी, आमटी, कधी सुके बोंबील. हिशेब महिन्याच्या महिन्याला. ठोक धान्य घेतले की दर थोडा उतरे, चूल एकच पेटे आणि घरच्या माणसांचे जेवण त्यातच निघे. संसाराची ही सर्वांत मोठी बचत होती. पण ती तिच्या श्रमातून येत होती आणि त्या श्रमाची नोंद कुठल्याही वहीत नव्हती.

८/
अन्नावरच्या नऊ आण्यांना खरा आधार गावाचा. उन्हाळ्यात गावी गेलेले माणूस परतताना रिकाम्या हाताने येत नसे. तांदूळ, कुळीथ, आमसुले, सुकी मासळी, वर्षभराचा मसाला, सारे पोत्यात बांधून कोकणातून बोटीने आणि देशावरून आगगाडीने मुंबईत येई. कुळथाचे पिठले किंवा सार करून महिन्याच्या अखेरचे दिवस काढता येत. बाजारात पैसे न मोडता पोट भरण्याची ही जुनी युक्ती होती.

९/
उलट दिशेने पैसा जात होता. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्याचे अर्थकारणच तिच्यावर तोलू लागले. म्हाताऱ्या आईवडिलांचा खर्च, शेतसारा, गावच्या सावकाराचा हप्ता, सारे मनीऑर्डरीतून. त्यामुळे मुंबईत मिळालेला रुपया मुंबईत पूर्ण सोळा आण्यांचा कधीच नसे. त्यातले काही आणे आधीच गावच्या नावाने बाजूला काढलेले असत.

१०/
कापडाची काटकसर पायरीपायरीने होई. नऊवारी लुगडे विरले की त्याचे धड भाग निवडून मुलांची झबली शिवायची. तीही फाटली की तुकड्यांची गोधडी. गोधडीचे थर झिजले की पायपुसणे, आणि शेवटी पोतेरे. जे उपयोगाचे नाही ते बोहारणीला देऊन त्यावर एखादे भांडे घ्यायचे. रॉकेलचा रिकामा डबाही फेकला जात नसे. त्याला दांडी ठोकली की बादली आणि झाकण बसवले की धान्याची कोठी तयार.

११/
कापड विणणाऱ्याच्याच घरात कापडाची ही टंचाई होती. त्याहून कडू गोष्ट निराळीच. मागावर विणताना थान बिघडले तर अनेक गिरण्यांत ते खराब कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई. मग तो ते कापड मिळेल त्या भावाने विकून नुकसान भरून काढण्याच्या मागे लागे. घरात गोधडी कितीही जपली तरी असा एक दंड महिन्याची सारी बचत पुसून टाकीत असे.

१२/
आता वाण्याच्या वहीकडे वळावे लागते. गिरण्यांत पगार महिना संपताच मिळत नव्हता. पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान तो हाती पडे. पहिल्या तारखेला कामाला लागलेल्या तरुणाला पहिला पगार बघायला सुमारे दीड महिना थांबावे लागे. तोवर खायचे काय? वाण्याकडे खाते उघडायचे. संसाराची सुरुवातच उधारीने होई.

१३/
उधारीची किंमत धान्याच्या भावात लपलेली असे. रोख घेणाऱ्याला एक भाव आणि वहीवर घेणाऱ्याला दुसरा. माप कमी भरले तरी बोलायची सोय नाही, कारण बोलले तर उद्याची ज्वारी बंद. दुसऱ्या दुकानात स्वस्त मिळते हे माहीत असूनही तिकडे जाता येत नसे. 'चार दुकाने फिरून घ्या' हा उपदेश ज्याच्या हातात रोकड आहे त्यालाच लागू पडतो. ज्याच्या हातात फक्त वही आहे त्याला नाही.

१४/
वाण्यापुढची पायरी सावकार. १९२१-२२च्या पाहणीत सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. कर्ज सहसा लग्न, आजारपण, मयत यांसाठी काढलेले असे. नेहमीचा दर होता रुपयामागे महिना एक आणा. ऐकायला किती लहान! पण आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. महिन्याला सव्वासहा टक्के आणि वर्षाला पंचाहत्तर टक्के. याहून चढे दरही वसूल होत होते.

१५/
हिशेब करून पाहावा. वीस रुपये कर्ज घेतले तर महिन्याचे व्याज वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया. वर्षभर फक्त व्याज भरत राहिले तर पंधरा रुपये गेले आणि वीस रुपये मुद्दल तसेच उभे. त्याच काळात टपाल खात्याच्या बचत बँकेत (ही १८८२ साली सुरू झाली) ठेवीवर शेकडा तीन दराने व्याज मिळे. वीस रुपयांवर वर्षाला साडेनऊ आणे.

१६/
पंचाहत्तर आणि तीन. पंचवीस पटींचा फरक. या दोन आकड्यांवरून कामकरी घराची अर्थनीती ठरत होती. बचत बँकेत पैसा वाढवणे ही त्यांच्या दृष्टीने पुढची गोष्ट होती. कर्ज घ्यावे न लागणे हीच पहिली बचत. म्हणून पहिला शिलकी पैसा बँकेत न जाता गाठीला, डब्यात किंवा स्त्रीच्या अंगावर दागिन्याच्या रूपाने जाई. बाहेरून पाहणाऱ्याला दागिना म्हणजे हौस वाटे. घरात मात्र तो अडीअडचणीला गहाण टाकता येणारा रुपया होता.

१७/
दुसरी वाट भिशीची. समजा, दहा बायकांनी महिन्याला दोन-दोन रुपये काढले. वीस रुपये जमले की चिठ्ठी टाकायची आणि जिचे नाव निघेल तिने रक्कम न्यायची. दहा महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. व्याज शून्य. हीच रक्कम सावकाराकडून दहा महिन्यांसाठी घेतली असती तर साडेबारा रुपये केवळ व्याजात गेले असते. भिशीचे तारण एकच होते, आणि ते म्हणजे चाळीतली पत. हप्ता चुकवणाऱ्या बाईला उद्या त्याच नळावर पाणी भरायचे असे.

१८/
तिसरी वाट सहकाराची. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९१२ साली तो अधिक व्यापक करण्यात आला. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयांबरोबर सहकारी पतपेढ्यांचेही काम हाती घेतले. सावकाराच्या दराच्या मानाने पतपेढीचे व्याज फारच हलके. पण सभासद व्हायला नियमित वर्गणी लागे आणि जामीन लागे. बदली कामगाराला आज काम, उद्या नाही. त्याला जामीन कोण राहणार?

१९/
काटकसरीची सर्वांत जड किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. आई गिरणीत गेली की मूल सांभाळायला कुणी नसे. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून अफूची गोळी देण्याची रीत मुंबईच्या कामगार वस्तीत सर्रास होती आणि त्या काळच्या सरकारी चौकशांनी तिची नोंद घेतली आहे. ही माता निष्ठुर नव्हती. तिचा दिवस बुडाला तर नऊ आण्यांतला घास कमी होत होता. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. बाळंतिणीच्या रजेची किंमत केवळ तिच्या संसाराने सोसू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

२०/
आता ज्या वाक्याने त्या काळी खळबळ उडाली त्याकडे. १९२३च्या अहवालात कामगारांच्या आहाराची तुलना करण्यात आली. निष्कर्ष असा निघाला की, कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळ संहितेतील कमाल शिध्याइतके आहे, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या धान्यापेक्षा कमी आहे. आठवड्याचे सहा दिवस मागावर उभा राहणारा माणूस कैद्याहून कमी खात होता. आणि हे लिहिले होते सरकारच्याच अधिकाऱ्याने.

२१/
गिरणीमालक आणि काही सुधारक यांचा जुना आग्रह असा की, कामगार उधळ्या आहे, दारू पितो, लग्नात पैसा उडवतो आणि म्हणून कर्जात बुडतो. दारू आणि ताडीवर पैसा जात होता, लग्नासाठी कर्ज होत होते, हे खोटे नाही. पण जास्तीत जास्त कितीचा प्रश्न होता? त्या तीन आण्यांचा. त्यातून औषध, प्रवास, न्हावी आणि व्याज वजा केल्यावर उधळायला उरते किती? घरात तेरा आणे असे बांधलेले होते की त्यातून एक पैसाही काढायचा तर भाकरी किंवा छप्पर यांतूनच काढावा लागे.

२२/
ही मर्यादा संपाच्या काळात उघडी पडली. १९२५ साली मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. रुपयाच्या हिशेबात ही कपात जवळजवळ दोन आण्यांची. म्हणजे किरकोळ खर्चाच्या तीन आण्यांतले दोन गेले. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत गिरण्या बंद राहिल्या. अखेर सरकारने देशी कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर तहकूब केला आणि कपात मागे घेण्यात आली. जे घरातल्या काटकसरीने भरून निघणे शक्य नव्हते, ते एकजुटीने वाचवले गेले.

२३/
१९२८चा संप त्याहून मोठा. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर. जवळजवळ सहा महिने पगार नाही. श्री. अ. डांगे, ना. म. जोशी, अ. आ. आळवे असे निरनिराळ्या विचारांचे पुढारी त्यात होते. पण घरे तगली ती चुलीपाशी बसणाऱ्यांच्या हिशेबावर. हजारो माणसे गावी परतली, म्हणजे मुंबईतली तोंडे कमी झाली. दागिने गहाण पडले. वाण्याने वही चालू ठेवली, कारण आजवरची थकबाकी वसूल व्हायची तर गिऱ्हाईक जगायला हवे होते. बेड्या वाटणारी तीच वही त्या सहा महिन्यांत आधारही ठरली.

२४/
यानंतरचे बदल पाहिले की एक धागा दिसतो. वेतन प्रदान अधिनियम १९३६ साली आला. पगार ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सात किंवा मोठ्या कारखान्यांत दहा दिवसांच्या आत देणे बंधनकारक झाले आणि मनमानी दंडाला वेसण बसली. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. धान्याचा भाव आणि माप प्रथमच वाण्याच्या मर्जीबाहेर गेले. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला, म्हणजे आजारपणासाठी सावकाराचे दार ठोठावण्याचे कारण घटले. १९५२च्या कायद्याने भविष्य निर्वाह निधी आला आणि बचत पगारातूनच होऊ लागली.

२५/
या प्रत्येक सुधारणेने गृहिणीच्या एकेका जुन्या युक्तीचे ओझे हलके केले. उधारीची वही, गहाण पडणारा दागिना, आजारपणाचे कर्ज, म्हातारपणाची गाठ. ज्या गोष्टी तिने एकटीने, रात्री दिवा बारीक करून सांभाळल्या होत्या, त्यांतल्या काहींची जबाबदारी कायद्याने उचलली.

२६/
एका गोष्टीला मात्र फार उशीर झाला. खानावळवालीच्या श्रमाची नोंद होण्यासाठी १९७५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले आणि गिरणगावात घरी डबे रांधणाऱ्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले. तारण म्हणून त्यांच्याकडे मालमत्ता नव्हती. शेजारणींनी एकमेकींची जबाबदारी घेतली. म्हणजे जुन्या भिशीचीच पत आता बँकेने ग्राह्य धरली. सावकाराच्या दरातून सुटलेला प्रत्येक आणा थेट त्यांच्या चुलीपाशी परतला.

२७/
आज नव्या संसाराला उपदेश करणाऱ्यांची वाण नाही. ठोक घ्या, जुने वापरा, खर्च लिहून ठेवा. हे सारे गिरणगावच्या बायका शंभर वर्षांपूर्वी करीत होत्या आणि बहुधा अधिक कसोशीने करीत होत्या. त्यांच्या हिशेबातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या उरतात. पहिली, महागडे कर्ज टाळणे किंवा आधी फेडणे हीच सर्वांत किफायतशीर बचत. तीन आणि पंचाहत्तर यांतले अंतर विसरू नये. दुसरी, एकटीच्या काटकसरीला तळ असतो. त्या तळाखाली घसरू द्यायचे नसेल तर भिशी, पतपेढी, संघटना आणि कायदा असे चार हात लागतात.

२८/
लालबाग-परळच्या बहुतेक चिमण्या आता उरल्या नाहीत. बी.डी.डी. चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत. एखाद्या जुन्या घरात मात्र अजून आजीची गोधडी सापडते. तिच्या थरांत निळ्या काठाचे लुगडे, मुलाचे झबले, गिरणीत बिघडलेल्या थानाचा तुकडा असे सारे शेजारी शेजारी शिवलेले असते. सोळा आण्यांच्या संसाराचा तो कापडी जमाखर्चच आहे, आणि त्याची शिवण अजून उसवलेली नाही.

(थ्रेड समाप्त)